विचारण्यापूर्वी शोधणे : केंब्रिजच्या एडसॅक गणकयंत्रावरील चूकशोधनाची पद्धती आणि तिचे पुढील पडसाद

गणकयंत्राला द्यावयाच्या आज्ञावलीत चूक राहिली, तर ती लिहिणाऱ्याने प्रथम स्वतः शोधावी आणि मगच इतरांचे साहाय्य मागावे, हा संकेत प्रोग्रॅमिंग शिकविणाऱ्या बहुतेक संस्थांतून रूढ आहे. नवशिक्याला तो बहुधा शिस्तीचा अथवा स्वाभिमानाचा नियम म्हणून सांगितला जातो. शिक्षकाचा वेळ घेऊ नये, आयते उत्तर मागू नये, धडपड करावी म्हणजे ज्ञान पक्के होते, अशी त्याची समर्थने देण्यात येतात. ही समर्थने खोटी नाहीत. परंतु या संकेताचा उगम पाहू गेल्यास त्यांच्याहून निराळी वस्तुस्थिती समोर येते. ज्या प्रयोगशाळेत हा संकेत प्रथम पद्धतशीर रीतीने घडला, तेथे तो उपदेशाच्या रूपाने आला नव्हता. तेथे आधी साधने निर्माण झाली, त्या साधनांच्या वापराची रीत ठरली, ती ग्रंथात नमूद झाली आणि शिकविली गेली. स्वावलंबन हे त्या सर्वांचे फलित होते. प्रस्तुत निबंधात केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेतील १९४९ ते १९५१ या काळातील घडामोडींच्या आधारे या विधानाचा विस्तार केला असून, पुढील काळात या पद्धतीचे काय झाले याचाही संक्षेपाने विचार केला आहे.

१. पूर्वपीठिका

आज्ञावलीतील चूक ही आज्ञावलीइतकीच जुनी आहे. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित विश्लेषक यंत्रासंबंधी एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपांतील शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याच्या कृतींचा जो तक्ता आहे, त्यातील चौथ्या कृतीत भाज्य व भाजक यांची अदलाबदल झालेली आहे. ही चूक कोणाच्या हातून झाली हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, जे यंत्र तो तक्ता चालवून पाहू शकले असते ते कधीच पूर्ण झाले नाही. त्यामुळे चूक उघडी पाडणारा साक्षीदारच उपलब्ध नव्हता. कागदावरील आज्ञावली कितीही काळ निर्दोष भासू शकते.

इंग्रजीत अशा दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची प्रथा पडली. हार्वर्ड विद्यापीठात बांधल्या गेलेल्या मार्क-दोन या यंत्रात १९४७ च्या सप्टेंबरात एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटविण्यात आला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु हा शब्द त्या पतंगापासून निघाला, हा समज बरोबर नाही. टॉमस एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारात तो याच अर्थाने आढळतो, आणि मार्क-दोनच्या नोंदवहीतील विनोद शब्द आधीच प्रचारात असल्यामुळेच शक्य झाला. शिवाय तो पतंग हा यंत्रातील बिघाड होता. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या विचारातील चूक नव्हे. या दोहोंतील भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यंत्राचा बिघाड दुरुस्त करण्यासाठी अभियंत्याला बोलवावेच लागते. विचारातील चूक मात्र ज्याचा विचार त्यानेच तपासावयाची असते, आणि ती तपासण्याची रीत १९४९ पर्यंत कोणीही बांधून ठेवलेली नव्हती.

२. एडसॅक आणि त्याची चाकोरी

मॉरिस विल्क्स हे १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मूर स्कूलमधील व्याख्यानमालेस उपस्थित राहून परतले आणि त्यांनी केंब्रिज येथे एका इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राची आखणी सुरू केली. एडसॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्राने ६ मे १९४९ रोजी वर्गसंख्यांचा तक्ता छापून आपले पहिले काम पार पाडले. त्यात सुमारे तीन हजार व्हॉल्व्ह होते. स्मृतीसाठी पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांचा उपयोग केलेला होता. त्यांतून ध्वनिलहरींच्या रूपाने माहिती सतत फिरत राही. सतरा द्विमान अंकांचा एक, असे प्रारंभी केवळ ५१२ शब्द या स्मृतीत मावत. साध्या आज्ञेस सुमारे दीड सहस्रांश सेकंद, तर गुणाकारास सुमारे सहा सहस्रांश सेकंद लागे.

आज्ञावली पाच छिद्रांच्या कागदी पट्टीवर टोचून यंत्रास दिली जाई आणि उत्तरे टेलिप्रिंटरवर छापली जात. प्रत्येक आज्ञेचा आरंभ एका अक्षराने होई: बेरजेसाठी 'ए', वजाबाकीसाठी 'एस', याप्रमाणे. पट्टीवरील ही अक्षरे व दशमान अंक वाचून त्यांना यंत्राच्या द्विमान रूपात आणण्याचे काम ३१ प्रारंभिक आज्ञांचा एक संच करीत असे. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने रचलेला हा संच टेलिफोन केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर कायमचा जोडून ठेवलेला होता.

यंत्र एक आणि त्याची गरज असणारे संशोधक अनेक, अशी स्थिती लवकरच उत्पन्न झाली. तयार पट्टी यंत्राजवळ बांधलेल्या दोरीवर अडकवून ठेवावयाची. यंत्रचालकाने दोरीवरील पुढची पट्टी घेऊन ती चालवावयाची. काही छापले गेल्यास पट्टी व छापील कागद मालकास परत द्यावयाचे, आणि काहीच न छापता यंत्र थांबल्यास ते स्मृतीतील कोणत्या स्थानी थांबले एवढे कळवावयाचे, अशी चाकोरी पडली. म्हणजे चूक झाल्यावर लिहिणाऱ्याच्या हाती कित्येकदा एका संख्येखेरीज काही येत नसे. त्या संख्येवरून मागे जात मूळ दोषापर्यंत पोहोचणे, हे त्याचे काम. कार्यालयीन वेळेनंतर काही अधिकृत व्यक्तींना यंत्र स्वतः चालविण्याची मुभा असे. त्यांचा रात्रीचा क्रम बहुधा एखादा व्हॉल्व्ह निकामी होईपर्यंत चाले.

या परिस्थितीत काही अलिखित कौशल्ये विकसित झाली. पट्टी उजेडासमोर धरून तिच्यावरील छिद्रे अक्षरांप्रमाणे वाचण्याची सवय अनेकांना जडली. यंत्राच्या संचायकातील चिन्हदर्शक अंकास एक ध्वनिवर्धक जोडलेला होता; आज्ञावली नीट चालली असता उमटणारा आवाज कोणता आणि ती एकाच फेऱ्यात अडकून पडली असता उमटणारा आवाज कोणता, हे जाणकारांच्या कानांना कळू लागले. ही कौशल्ये उपयुक्त होती खरी. परंतु ती व्यक्तीबरोबर येत आणि व्यक्तीबरोबर जात. जो दोन वर्षे यंत्राच्या सहवासात आहे त्याला ती साधत; जो जीवशास्त्र अथवा खगोलशास्त्र विभागातून आपला प्रश्न घेऊन प्रथमच आला आहे, त्याला त्यांचा उपयोग नव्हता.

३. एअरीची पट्टी

एडसॅक चालू झाल्यानंतर काही आठवड्यांतच, १९४९ च्या जूनमध्ये, विल्क्स यांनी स्वतः एक आज्ञावली लिहावयास घेतली. वर्गसंख्यांचे तक्ते हे यंत्राच्या परीक्षेसाठी होते. ही आज्ञावली एका खऱ्या गणिती प्रश्नासाठी होती. प्रकाशाच्या तीव्रतेचा विचार करताना जॉर्ज बिडल एअरी यांच्या नावाने प्रसिद्धीस आलेले जे विकलक समीकरण, त्याचे अंकात्मक समाकलन तीतून व्हावयाचे होते. आज्ञावलीची लांबी १२६ ओळींची होती.

ती चालेना. एडसॅक इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते आणि पट्ट्या टोचण्याची सामग्री खालच्या मजल्यावर. चूक सापडली की खाली उतरून नवी पट्टी टोचावयाची आणि पुन्हा वर यावयाचे. अशाच एका फेरीत, जिन्याच्या वळणावर, आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार आहे याची जाणीव आपणास झाली, असे विल्क्स यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. ही हकीकत पुढे पुष्कळ ठिकाणी किस्सा म्हणून सांगितली गेली. इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे, कारण तिला वस्तुरूप पुरावा लाभला आहे. दुरुस्तीपूर्व अवस्थेतील ती पट्टी टिकून राहिली होती, आणि मार्टिन कॅम्बेल-केली यांनी १९९२ मध्ये तिचे सविस्तर परीक्षण प्रसिद्ध केले. १२६ ओळींत सुमारे वीस चुका त्यांना आढळल्या.

हे प्रमाण ध्यानी घेण्यासारखे आहे. लिहिणारा नवशिका नव्हता. यंत्राची रचना ज्याने केली तोच तो होता. यंत्राच्या अंतरंगाचे त्याच्याहून अधिक ज्ञान दुसऱ्या कोणास असणे शक्य नव्हते, आणि ज्याला विचारावे असा अधिक जाणता मनुष्यही नव्हता. तरीही दर सहा-सात ओळींमागे एक चूक झाली. यावरून दोन निष्कर्ष निघाले. चूक ही अज्ञानाची किंवा निष्काळजीपणाची खूण मानता येत नाही, हा पहिला. केवळ अधिक लक्षपूर्वक लिहिण्याचा निश्चय चुकीच्या निवारणास पुरेसा नाही, हा दुसरा. त्यामुळे केंब्रिजमध्ये चूक हा लाजेचा विषय न राहता अभ्यासाचा विषय झाला. या स्थित्यंतराचे श्रेय एका व्यक्तीच्या स्वभावाला देण्याची आवश्यकता नाही. संस्थेचा प्रमुखच आपल्या चुका घेऊन जिना चढत-उतरत आहे, हे दृश्य प्रयोगशाळेच्या डोळ्यांसमोर होते; एवढे पुरेसे होते.

४. ट्यूरिंग यांची सूचना

त्याच महिन्यात, २४ जून १९४९ रोजी, एडसॅकच्या निमित्ताने केंब्रिज येथे भरलेल्या परिषदेत ॲलन ट्यूरिंग यांनी एक छोटा निबंध वाचला. मोठ्या आज्ञावलीची तपासणी कशी करावी, हा त्याचा विषय. लांबलचक बेरीज तपासावयाची असता तपासनिसाला केवळ अंतिम उत्तर दिले तर त्याला सर्व काम पुन्हा करावे लागते. परंतु प्रत्येक स्तंभाची बेरीज व हातचे लिहून दिलेले असतील तर तो एकेक स्तंभ स्वतंत्रपणे तपासू शकतो, असा दृष्टांत त्यांनी घेतला. त्याप्रमाणेच आज्ञावली लिहिणाऱ्याने तिच्या निरनिराळ्या टप्प्यांवर, या ठिकाणी अमुक स्थानात अमुक राशी असली पाहिजे, अशी निश्चित विधाने करून ठेवावीत. ती विधाने एकेक करून तपासली असता संपूर्ण आज्ञावलीची शुद्धता सिद्ध होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. उदाहरणादाखल त्यांनी गुणाकाराची आज्ञा न वापरता क्रमगुणित काढण्याची कृती घेतली होती.

या निबंधाचा तत्काळ परिणाम फारसा झाला नाही. परिषदेच्या वृत्तान्तात छापताना त्यातील चिन्हांत इतक्या चुका शिरल्या की तो वाचणेच दुष्कर झाले. १९८४ मध्ये त्याची शुद्ध आवृत्ती प्रसिद्ध करावी लागली. चुका तपासण्याविषयीच्या निबंधाची ही गत व्हावी, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये जी सिद्धांतपद्धती मांडली, तिचे बीज येथे आहे, हे आता मान्य झाले आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ट्यूरिंग यांच्या सूचनेचे मर्म असे की, चूक शोधण्यासाठी दोन गोष्टींची तुलना करावी लागते: यंत्रात जे घडले ते, आणि जे घडावयास हवे होते ते. यंत्र कितीही बोलके केले तरी ते पहिलीच गोष्ट सांगू शकते. दुसरी गोष्ट लिहिणाऱ्याच्या मनात असते, आणि ती त्याने शब्दांत उतरविली नसेल तर ती कोणालाही, प्रसंगी त्याला स्वतःलाही, उपलब्ध नसते. ज्याने आपला हेतू लिहून ठेवला आहे तोच स्वतः चूक शोधू शकतो. आणि विशेष म्हणजे, त्यालाच दुसऱ्याचे साहाय्यही घेता येते.

५. गिल यांची साधने

पहिल्या गोष्टीचा, म्हणजे यंत्राकडून साक्ष मिळविण्याचा, प्रश्न स्टॅन्ली गिल यांनी हाती घेतला. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करून केंब्रिजला आलेले गिल त्या वेळी पंचविशीच्या आत-बाहेर होते. एडसॅकवरील आज्ञावल्यांतील चुकांच्या निदानाविषयीचा त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा प्रतिष्ठित नियतकालिकात चुका शोधण्याच्या रीतीला स्थान मिळावे, यातच विषयाची बदललेली पातळी दिसून येते.

तोपर्यंतची स्वाभाविक रीत म्हणजे यंत्रासमोर बसून, एकेका आज्ञेस एकदा कळ दाबत, कॅथोड-रे नलिकेच्या पडद्यावर स्मृतीतील ठिपके न्याहाळणे. केंब्रिजच्या मंडळींनी या डोकावण्याचा निषेध केला, आणि त्याची कारणे व्यावहारिक होती. एक तर, सेकंदाला शेकडो आज्ञा पार पाडणारे यंत्र अशा वेळी माणसाच्या विचाराची वाट पाहत स्तब्ध उभे राही आणि दोरीवरील इतरांच्या पट्ट्या खोळंबत. दुसरे असे की, मागे रांग उभी असताना यंत्रासमोर बसलेल्या माणसाचे डोके शांत राहत नाही. तो घाईने एखादी आज्ञा बदलून पाहतो, मग दुसरी, आणि मूळ चुकीत नव्यांची भर पडते.

गिल यांनी वर्णिलेल्या साधनांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार 'पोस्ट-मॉर्टेम' या नावाने रूढ झाला. आज्ञावली बंद पडली की एक छोटी स्वतंत्र पट्टी यंत्रात घालावयाची. मूळ आज्ञावलीच्या तपासावयाच्या भागास धक्का न लावता ती स्मृतीतील ठरावीक स्थानांतील मजकूर टेलिप्रिंटरवर छापून देई. शवचिकित्सकाप्रमाणे लिहिणाऱ्याने तो कागद घेऊन आपल्या मेजाशी जावे आणि मृत्यूचे कारण सावकाश शोधावे, अशी ही कल्पना. तिची योग्यता समजण्यासाठी एडसॅकच्या एका वैशिष्ट्याकडे लक्ष दिले पाहिजे. त्याच्या स्मृतीत संख्या आणि आज्ञा सारख्याच रूपात साठविल्या जात, आणि एकच कृती संख्यांच्या मालिकेवर क्रमाने करावयाची झाल्यास आज्ञावली स्वतःच्याच आज्ञांतील स्थानक्रमांक चालता चालता बदलीत असे. फेरा संपल्यावर त्या आज्ञा पूर्ववत करण्यास लिहिणारा विसरला, तर पुढच्या वेळी तोच भाग भलत्याच स्थानांवर काम करू लागे. हातातील मूळ कागद कितीही वेळा वाचला तरी ही चूक दिसावयाची नाही, कारण स्मृतीतील आज्ञा आता कागदावरील आज्ञांहून भिन्न झालेल्या असत. पोस्ट-मॉर्टेमचा कागद आणि मूळ कागद शेजारी ठेवले म्हणजे भेद लगेच नजरेस येई.

दुसरा प्रकार मागोवा घेणाऱ्या तपासणी-आज्ञावल्यांचा. यात तपासावयाची आज्ञावली यंत्र प्रत्यक्ष पाळीत नसे. गिल यांची आज्ञावली तिच्यातील एकेक आज्ञा उचलून तिचा अर्थ लावी, ती पार पाडी आणि तिचे आद्याक्षर छापून पुढे जाई. कागदावर उमटणाऱ्या अक्षरांच्या ओळीवरून कोणत्या वाटेने काम गेले आणि कोणत्या वळणावर ते चुकले, हे समजे. या रीतीने वेग फारच घटत असे, कारण टेलिप्रिंटर सेकंदाला सहा-सात अक्षरांहून अधिक छापू शकत नव्हता. म्हणून ती संशयित भागापुरतीच वापरावी लागे. आणि कोणता भाग संशयित, हे ठरविण्यासाठी आधी विचार करावा लागे. साधनाच्या मर्यादेतूनच विचाराचा क्रम शिकविला गेला, असे येथे म्हणता येईल.

६. ग्रंथ आणि उन्हाळी वर्ग

ही सर्व सामग्री प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर पोहोचली ती एका ग्रंथामुळे. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी मिळून लिहिलेला, इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रासाठी आज्ञावल्या तयार करण्याविषयीचा हा ग्रंथ १९५१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रोग्रॅमिंगवरील पहिले छापील पाठ्यपुस्तक म्हणून तो ओळखला जातो. त्याचा लौकिक मुख्यतः सबरूटीनांच्या संग्रहामुळे झाला. १९५१ पर्यंत असे ८७ पारखून घेतलेले तुकडे सर्वांच्या उपयोगासाठी सिद्ध होते. चूकशोधनाच्या दृष्टीनेही या संग्रहाचे महत्त्व आहे. जो भाग अनेकांनी वापरून निर्दोष ठरविला आहे तेथे चूक शोधण्याचे कारण उरत नाही, आणि शोधाचे क्षेत्र आपोआप आकुंचित होते.

ग्रंथकारांनी लपवाछपवी केलेली नाही. आज्ञावली पहिल्याच प्रयत्नात बरोबर चालणे दुर्मिळ असते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. चुका टाळणे, पट्टी यंत्रावर चढण्यापूर्वी त्या ओळखणे, आणि तरीही उरलेल्या चुकांचा यंत्राचा कमीत कमी वेळ खर्चून छडा लावणे, असा तिहेरी क्रम त्यांनी आखून दिला. या क्रमात 'विचारणे' हे स्वतंत्र टप्पा म्हणून येत नाही, आणि ते वर्ज्यही ठरविलेले नाही. वाचकाजवळ आता साधने आहेत, ती वापरण्याची रीत आहे, पारखलेला संग्रह आहे. एवढे झाल्यावर उरलेली चूक खरोखरच विचारण्याजोगी असते.

केंब्रिज येथे १९५० च्या सप्टेंबरापासून उन्हाळी वर्ग भरू लागले आणि बाहेरचे लोक ही रीत प्रत्यक्ष शिकून जाऊ लागले. १९५१ च्या वर्गात हॉलंडहून आलेला एक विद्यार्थी एड्सगर डायक्स्ट्रा हा होता. चाचणीने चुकांचे अस्तित्व दाखविता येते, त्यांचा अभाव सिद्ध करता येत नाही, हे त्याचे पुढील काळातील प्रतिपादन प्रसिद्धच आहे. केंब्रिजच्या निदानपद्धतीपेक्षा ट्यूरिंग यांच्या सूचनेशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. स्वतः एडसॅक ११ जुलै १९५८ रोजी बंद करण्यात आले.

७. पुढील काळ : रांग, मेज आणि अस्वल

१९५७ मध्ये फोर्ट्रान ही भाषा आली. विद्यापीठांच्या गणककेंद्रांत छिद्रपत्रांचे गठ्ठे स्वीकारण्याची पद्धत रूढ झाली आणि एडसॅकच्या दोरीची जागा अधिक लांब रांगेने घेतली. गठ्ठा द्यावयाचा आणि काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी, उत्तर न्यावयाचे. एका स्वल्पविरामासाठी एक दिवस गमवावयाचा. विद्यार्थिसंख्या वाढल्यावर ही अडचण निव्वळ उपदेशाने सुटणारी नव्हती. कॉर्नेल विद्यापीठात १९६२ च्या सुमारास कॉर्क ही भाषा तयार झाली. तिचा अनुवादक विद्यार्थ्याच्या किरकोळ चुका स्वतः दुरुस्त करून, तसे कळवून, काम पुढे नेई. वॉटर्लू विद्यापीठात १९६५ मध्ये वॉटफॉर हा फोर्ट्रानचा जलद अनुवादक सिद्ध झाला, आणि सुबोध चूकसंदेश हे त्याचे वैशिष्ट्य ठरले. म्हणजे जेथे संस्थांनी विद्यार्थ्याच्या स्वावलंबनाचा खरोखर विचार केला, तेथे प्रथम साधने सुधारली गेली. केंब्रिजची हीच रीत होती.

याच काळात गणककेंद्रांत मार्गदर्शकांची मेजे आली, आणि त्यांच्यासंबंधी दोन हकीकती ग्रंथांत नमूद आहेत. जेरल्ड वाइनबर्ग यांनी प्रोग्रॅमिंगच्या मानसशास्त्रावरील आपल्या १९७१ च्या पुस्तकात एका विद्यापीठातील प्रसंग सांगितला आहे. तेथील दालनात खाद्यपेये विकणारी यंत्रे होती आणि त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांची गर्दी व गोंगाट असे. तक्रार झाली, यंत्रे हलविण्यात आली. आणि थोड्याच दिवसांत मार्गदर्शकाच्या मेजापुढे न आवरणारी रांग लागली. चौकशीअंती कळले ते असे की, त्या गर्दीत विद्यार्थी आपापल्या छापील कागदांवर एकमेकांशी चर्चा करीत होते आणि बहुसंख्य चुका तेथेच सुटत होत्या. ब्रायन कर्निगन व रॉब पाइक यांच्या १९९९ मधील ग्रंथात याच्या उलट टोकाची कथा आहे. एका विद्यापीठाच्या साहाय्यकेंद्रात मेजाजवळ कापडी अस्वल ठेवलेले असे. आपली अडचण प्रथम त्या अस्वलाला समजावून सांगितल्याखेरीज विद्यार्थ्याला माणसाशी बोलता येत नसे.

या दोन कथा परस्परविरोधी भासतात. पहिलीत बोलण्याने चूक सुटते, दुसरीत न बोलणाऱ्याशी बोलून. परंतु दोहोंतही चूक सुटण्याचे कारण एकच आहे: जे घडावयास हवे होते ते शब्दांत मांडणे भाग पडते. ट्यूरिंग यांनी कागदावर लिहावयास सांगितलेली विधाने येथे तोंडी झाली आहेत, एवढाच फरक. श्रोता मूक असला तरी चालते, कारण या टप्प्यावर त्याचे ज्ञान कामास येत नाही. कामास येते ते सांगणाऱ्याचे सांगणे.

८. मुंबईचा संदर्भ

भारतात हीच अवस्था थोड्याच वर्षांनी आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या गटाने १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू केले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्याची फेराइट-गाभ्यांची स्मृती २०४८ शब्दांची असून प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता. ज्यांनी यंत्र बांधले तेच त्याचे पहिले वापरकर्ते, ही केंब्रिजची स्थिती येथेही होती. आणि परदेशातून घेतलेल्या यंत्रापेक्षा स्वतः बांधलेल्या यंत्रावर काम करणाऱ्यास यंत्राचा बिघाड आणि आपली चूक यांतील भेद अधिक सहज कळतो, हा त्या स्थितीचा लाभ होता. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. यंत्र बांधणाऱ्यांच्या छोट्या वर्तुळाबाहेरचे लोक आता मोठ्या संख्येने ते वापरू लागले, आणि यंत्राच्या अंतरंगाशी परिचय नसलेल्यांना चूकशोधन कसे शिकवावे, हा जो प्रश्न केंब्रिजला १९५० मध्ये पडला होता, तो येथेही उभा राहिला.

९. उपसंहार

वरील इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. आधी स्वतः शोधावे, मग विचारावे, या संकेताच्या मुळाशी यंत्राच्या वेळेची टंचाई होती. परंतु टंचाई अनेक ठिकाणी होती, आणि सर्वत्र तिच्यातून पद्धती निर्माण झाली नाही. केंब्रिजमध्ये ती निर्माण झाली, कारण तेथे चूक ही प्रमुखासह सर्वांच्या वाट्यास येणारी गोष्ट म्हणून उघडपणे मान्य केली गेली, आणि ती शोधण्याची साधने पुरविण्याची जबाबदारी संस्थेने स्वतःवर घेतली. पोस्ट-मॉर्टेमची पट्टी हाती दिल्यावरच विद्यार्थ्याला स्वतः शोध असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. ज्या ठिकाणी साधन दिले जात नाही, रीत शिकविली जात नाही आणि केवळ हा संकेत ऐकविला जातो, तेथे त्याचा अर्थ साहाय्य नाकारणे एवढाच उरतो. आणि ज्याचे घरी किंवा मित्रमंडळींत कोणी जाणकार नाही, त्यालाच त्याचा जाच अधिक होतो. वाइनबर्ग यांच्या कथेतील यंत्रे हलविली गेल्यावर मार्गदर्शकापुढे जी रांग लागली, ती विद्यार्थ्यांच्या आळसामुळे लागलेली नव्हती. त्यांची शोधण्याची जागाच काढून घेतली गेली होती.

यंत्राच्या वेळेची टंचाई आता उरलेली नाही. प्रश्न टाकताच दुरुस्त केलेली आज्ञावली पुढे करणारी यंत्रेही उपलब्ध झाली आहेत. अशा स्थितीत जुन्या संकेताचे आर्थिक कारण संपले, हे मान्य करावे लागते. जे संपलेले नाही ते ट्यूरिंग यांनी दाखविलेले कारण होय. यंत्रात काय घडले हे यंत्र सांगू शकते, आणि ते कसे बदलावे हेही कदाचित दुसरा कोणी सांगू शकेल. परंतु काय घडावयास हवे होते, हे ज्याची आज्ञावली त्यालाच सांगावे लागते. एअरीच्या पट्टीतील सुमारे वीस चुकांपैकी प्रत्येक चूक ही या दोन गोष्टींतील अंतर होती. ते अंतर मोजण्यासाठी विल्क्स यांना जिना चढावा-उतरावा लागला. आज तो श्रम वाचला आहे. मोजणी मात्र अजूनही लिहिणाऱ्याकडेच आहे.